हेरेकर बाईंचे मुरवलेले शब्द

आमच्या घरात गोष्ट सांगायला मला कोणी बसवत नाही, मीच बसते. हेरेकर बाईंची गोष्ट तर मी इतक्यांदा सांगितली आहे की माझी मुलगी पुढची वाक्यं माझ्याआधी म्हणते आणि नवरा पाणी प्यायला म्हणून उठतो तो जेवायच्या वेळीच परत येतो. लिहून काढली तर मधूनच कोण उठून गेलं ते निदान मला दिसणार नाही, एवढ्याचसाठी लिहिते आहे.

बाई आमच्या रामनगरच्या मराठी शाळेत पाचवीला होत्या. मूळच्या खानापूरकडच्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत यजमान गेले, नोकरीवर इकडे आल्या आणि बदली मागायची राहूनच गेली. उंच, किडकिडीत, सुती साडी, आणि पायात चामड्याच्या वहाणा, ज्यांचा आवाज वर्गात दोन मिनिटं आधी पोहोचायचा. कन्नड शाळेतल्या शिक्षिकांना सगळे अक्कोर म्हणत, तेच गावातल्या मोठ्या माणसांनी बाईंनाही लावलं होतं. आम्ही मुलं बाई म्हणत असू.

बाईंनी प्रश्न विचारला की त्या मुलाकडे बघत नसत. खिडकीबाहेर बघत. तोंडाकडे बघितलं की मुलाचं उत्तर घाबरून आत जातं, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे वर्गात घाई नसे. रस्त्यापलीकडे लाकडाचे ट्रक भरत असत. माझ्यासारख्यांच्या उत्तरांची वाट बघताना बाईंनी आख्खे ट्रक भरून निघून गेलेले बघितले असतील. ट्रक गेल्यावर त्या म्हणत, "आलं?" मी म्हणे, "न्हाई बाई." त्या म्हणत, "दुसरा ट्रक लागलाय. बस."

आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही. एकदा वर्गात म्हैस शिरली. बाई तिला म्हणाल्या, "तुमचा वर्ग हा नव्हे." म्हैस गेली. आता म्हशीला ते समजलं की आमच्या हसण्याला ती बुजली हे मी सांगू शकत नाही, पण आम्ही तेव्हा पहिलंच मानलं.

शाळेबाहेर बाईंना एकच नाद होता, लोणच्याचा. आमच्याकडे आंब्याच्या मिड्या मिळतात, म्हणजे बाठ धरायच्या आधीच्या बोटभर कोवळ्या कैऱ्या. जंगलात कुठल्या झाडाची मिडी लोणच्याला टिकते आणि कुठली मऊ पडते यावर गावातल्या बायका बाईंचा सल्ला घेत. बरणी भरली, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला, की ती मुरेपर्यंत बाई झाकणाला हात लावू देत नसत. शिकवायची पद्धतही त्यांनी तिथूनच उचलली असावी.

त्या सुमारास आमच्या जिल्ह्यात सरकारची नवी निवासी शाळा निघाली. परीक्षा घेऊन मुलं निवडायची, निवडलेल्यांचं राहणं, जेवणं, पुस्तकं सगळं सरकारचं. परीक्षा पाचवीत असताना, आणि एकदाच. चित्रांची कोडी, गणितं आणि भाषा. गणिताचं गुरुजी बघणार होते. भाषा बाईंकडे आली. पोरांचा शब्दसंग्रह वाढवा, असं वरून सांगणं आलं होतं.

बाईंनी तो वाढवायला घेतला तो असा. सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक शब्द. त्याचा अर्थ त्या सांगत, मग दोन गोष्टी सांगत ज्यांत तो शब्द यायचा, आणि मग तो आम्हाला "दिला" असं म्हणत. दिलेला शब्द आधी घरच्या माणसाशी वापरायचा, मग बाजारात, मग अनोळखी माणसाशी. तोही गरज असेल तिथंच. उगीच आणून डकवला तर बाई तो परत घेत. सगळ्या वर्गाचा वापरून होईपर्यंत फळ्यावर दुसरा शब्द येत नसे. आणि एक नियम सगळ्यांत मोठा होता: जो शब्द अजून दिलेला नाही, तो तोंडात घ्यायचा नाही. "दुसऱ्याच्या परसातली कैरी ती," बाई म्हणत. "आपल्या बरणीत आली, मुरली, की मग चाखा."

याचा पहिला त्रास आमच्या आबांना, माझ्या वडिलांना झाला. आबांचं बाजारात किराणा दुकान. शाळा सुटली की पोरं दुकानात यायची.

"आबा, मीठ द्या. पर्याप्त."

"पर्याप्त म्हंजे किती रे? अर्धा किलो का एक?"

"पुरेसं."

"मग पुरेसं म्हण की लेका!"

"तो मागच्या हप्त्यात झाला."

आबांनी त्या आठवड्यात मिठाचं गिऱ्हाईक कधी नव्हे एवढं केलं आणि तरी कुरकुरत राहिले. धारवाडकडचा एक कंडक्टर आमच्या मार्गावर होता. 'विलंब' हा शब्द चालू असताना फाट्यावर उभ्या असलेल्या आमच्या टोळक्यातल्या कुणीतरी त्याला विचारलं, "आज विलंब का झाला?" तो बिचारा लगेच म्हणाला, "विळंब आयतु, एन माडोदु?" झाला उशीर, काय करणार, असं म्हणून त्यानं आम्हाला बेल्लाचा, म्हणजे गुळाचा, खडा दिला. घरी माझ्या मराठी काकीला तोच शब्द टाकला तर ती म्हणाली, "काय गे, ताप आलाय का तुला?" कन्नड माणसाला कळला आणि काकीला नाही, हे मी बाईंना तक्रारीच्या सुरात सांगितलं. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "म्हणजे अनोळखी माणसाचं झालं. घरचं राहिलं."

माझी स्वतःची कामगिरी सांगायची तर 'अनुपस्थित' हा शब्द वापरायला मला आठवड्यात संधीच मिळेना. शेवटी मी स्वतःच एक दिवस शाळेला गेले नाही, आणि दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बाई, काल मी अनुपस्थित होते." बाईंनी विचार केला. म्हणाल्या, "गरज तूच तयार केलीस. शेतकरी स्वतःच्या भातात गुरं घालून राखण करत नाही." शब्द परत घेतला. गैरहजेरीही लावली.

आता सुमीकडे येते. सुमी आमच्या वर्गातली, पण गावातली नव्हे. जोयड्याच्या रस्त्याला फाट्यावर उतरून पुढं जंगलातनं चालत जावं लागे अशा एका वाडीची. तिचा थोरला भाऊ खेमो सातवीला होता, त्याच्याबरोबर ती येई. बाप पुरसो, थोडं भात करी, जंगलखात्याच्या कामाला जाई, बांबूच्या टोपल्या विणी. घरात कोकणी. त्यामुळे आमच्यासाठी अर्धेमुर्धे ओळखीचे असलेले शब्द सुमीसाठी कोरे करकरीत असत, आणि ती ते नव्या फ्रॉकसारखे जपून वापरे. खेमो सातवी झाला की शाळा सोडणार हे ठरलेलं होतं. मग सुमी एकटी जंगलातनं येणार कशी? पुरसोनं बाईंना स्पष्ट सांगितलं होतं, "सरकारी शाळेत नंबर लागला तर जाऊदे. तिथं ऱ्हायाला बी मिळतंय. न्हाई तर पुरे झालं. गुरं हायत, ल्हान पोरं हायत."

हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही बाकीचे परीक्षेला बसणार होतो ते घरच्यांनी बसवलं म्हणून. सुमीची गोष्ट वेगळी होती. नंबर लागला तर शाळा, नाही तर गुरं.

आणि सुमीला येत होतं. 'निरपराध' हा शब्द चालू असताना पुरसो बांबूचा भारा घेऊन येत होता आणि त्याला वाटेत जंगलखात्याच्या गार्डानं धरलं. परवानगी आहे की नाही यावरनं बोलाचाली सुरू झाली. सुमी मागनं येत होती. ती पुढं होऊन गार्डाला म्हणाली, "माझे बाबा निरपराध आहेत."

गार्ड थबकला. "कुठं शिकलीस हे?"

"सोमवारी मिळाला."

गार्डानं भारा ठेवून घेतला आणि माणूस सोडला. पुरसो दुसऱ्या दिवशी दुकानात आबांना सांगत होता, "भारा गेला. पण शब्दानं मला सोडवलं. आणखी थोडा मोठा असता तर भाराबी आला असता." त्या दिवसापासून त्याचा बाईंवर विश्वास बसला. बाईंनी सुमीला एवढंच विचारलं, "घाबरली होतीस?" सुमी म्हणाली, "व्हय." बाई म्हणाल्या, "तरी बरोबर जागी पडला," आणि तो सगळा दिवस त्या ट्रककडे न बघता आमच्याकडे बघत होत्या, त्यामुळे आम्हाला फार अवघडल्यासारखं झालं.

इकडे परीक्षा जवळ यायला लागली आणि आबांचा धीर सुटला. ते बेळगावहून एक जाडजूड गाईड घेऊन आले. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, शब्दसमूहाबद्दल एक शब्द. मला रोज पानं पाठ करायला बसवलं. मी पानाच्या पानं म्हणत असे, अरण्य-वन-रान-कानन, डोळे मिटून, नाहीतर दरवाजात आलेल्या गिऱ्हाइकाला साखर मोजता मोजता. एकदा बाई दुकानात जिरं घ्यायला आल्या तेव्हा आबांनी विषय काढलाच.

"बाई, रागावू नका. पण परीक्षा तोंडावर आली हाय. तुमचा अजून 'संकोच' चाललाय."

"हो. तिघांचा राहिलाय."

"आमची मंगल रोज पान पान शब्द खाऊन टाकतीय."

"शेट, तुम्ही तांदूळ विकता ना? पोतंभर एका दिवसात खाऊन दाखवा. मी वर्गाला बघायला घेऊन येते."

 आबांनी जिरं काट्यावर तोलूनमापून दिलं, नेहमीसारखं वर चिमूट टाकली नाही.

परीक्षा जोयड्याला होती. बाई आम्हा पाच-सहा जणांना बसनं घेऊन गेल्या. सकाळी स्टँडवर प्रत्येकाला एक एक पोळी आणि मिडीची फोड दिली, आणि उपदेश म्हणून फक्त म्हणाल्या, "पाणी कमी प्या." माझं गाईड माझ्याबरोबर होतं. ते मी आत जाताना बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं धरलं होतं.

पेपर सुटला. स्टँडसमोरच्या हॉटेलात बाईंनी आम्हाला बाकावर बसवून सगळ्यांना भजी आणि स्वतःला चहा सांगितला. मी खूष होते. एक प्रश्न सोडला नव्हता. जिथं कळलं नाही तिथं ज्या शब्दाचा चेहरा बरा वाटला त्याचा अक्षर-क्रमांक चौकटीत लिहिला होता. कळलेले प्रश्न थोडेच होते, पण भरलेल्या चौकटी बघून माझं मलाच बरं वाटत होतं.

बाईंनी विचारलं, "भाषेचं कसं गेलं?"

सगळे "बरं गेलं" म्हणाले. सुमी म्हणाली, "थोडे सोडले."

"वेळ पुरला नाही?"

"वेळ होता. मी पेपर मिटून बसले होते."

"मग?"

सुमीनं भजं खाली ठेवलं. "ते शब्द तुमी अजून दिले न्हवते, बाई."

बाईंनी प्रथमच उत्तर देणाऱ्या मुलाच्या तोंडाकडे बघितलं. "अर्थ माहीत नव्हते तुला?"

"काहींचे होते. धड्यात बघितलेले. मंगल गाईड म्हणायची तवा ऐकलेले." मग तिनं समजावून सांगितल्यासारखं म्हटलं, "पण मिळाले न्हवते ना. हात कसा लावणार?"

हॉटेलवाल्यानं चहा आणून ठेवला. बाईंनी तो घेतला नाही. त्याच्यावर साय धरली, साईवर एक माशी येऊन बसली, बाई तिच्याकडे बघत राहिल्या. आम्हाला वाटलं, उत्तराची वाट बघताहेत. सुमी शेवटी हळूच म्हणाली, "बाई, चुकलं काय?"

"तुझं नाही," बाई म्हणाल्या. "खा."

निकाल लागला तेव्हा आमच्या शाळेतल्या कुणाचंच नाव नव्हतं. सगळ्या चौकटी भरलेली मी आणि कोऱ्या सोडलेली सुमी, निकालापुरत्या दोघी सारख्याच. आबांनी गाईड वजनकाट्याशेजारी ठेवलं आणि त्याची पानं हळूहळू हिंग बांधायला गेली. बाजारात लोकांनी बाईंना सोडलं नाही. आमच्याच दुकानात एकजण म्हणाला, "अक्कोरनी मुरवलं झकास. फक्त बरणी उघडायची ऱ्हायली." सगळे हसले. आबा हसले नाहीत, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

पुढच्या सोमवारी बाई वर्गात आल्या. खडू घेतला. फळ्याच्या कोपऱ्यात न लिहिता वरच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली आणि शब्द लिहीतच सुटल्या. फळा भरला. मग त्यांनी शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला जुना फळा पुसला आणि तोही भरला. वहाणांचा आवाज नाही, नुसता खडूचा. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "घ्या. सगळे घ्या. ज्याला जो पाहिजे तो. विचारायचं नाही."

कुणीही हललं नाही. आम्ही म्हशीला घाबरलो नव्हतो, पण त्या दिवशी घाबरलो. एकानं तर हळूच विचारलं, "बाई, ह्यातला ह्या हप्त्याचा कुठला?" बाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बघा. काय करून ठेवलंय मी."

सुमी त्या दिवशी वर्गात नव्हती. निकालानंतर ती आलीच नव्हती.

रविवारी बाई आमच्या घरी आल्या. आबांना म्हणाल्या, "शेट, पुरसोची वाडी तुम्हाला ठाऊक आहे. मला घेऊन चला." आबा टोपल्या घ्यायला तिकडं जात असत. मी हट्टानं मागं लागले. फाट्यावर बसमधून उतरलो आणि जंगलातली वाट धरली. बाई त्या वाटेनं पहिल्यांदाच जात होत्या. ओहोळापाशी थांबून त्यांनी विचारलं, "पावसात हे पाणी कुठवर येतं?" आबांनी कमरेवर हात धरला. बाईंनी सुमीची उंची मनात मोजली असावी.

पुरसो अंगणात बांबूच्या काड्या तासत बसला होता. सुमी शेणाचा हात धुऊन दारात येऊन उभी राहिली. बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "पुरसो, सुमी नापास झाली ती माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं कसं? पेपर सरकारचा हाय."

"तिला येत होतं. मी परवानगी दिली नव्हती म्हणून तिनं लिहिलं नाही."

पुरसोनं काडी खाली ठेवली. बराच वेळ तो आबांकडे बघत राहिला, जणू या बोलण्याचा भाव काय तो आबांनी सांगावा. आबा आपल्या चपलेकडे बघत होते.

"मग आता काय करायचं म्हणता, अक्कोर?"

"ती माझ्याकडं राहील. माझ्या दारातनं शाळा दिसते. मध्ये जंगल नाही, पाणी नाही. सातवीपर्यंत, आणि मग हायस्कूल. माझ्या घरात मासळी शिजत नाही, तेवढं तिला सोसावं लागेल."

"शनिवारी येईल की घरी. तवा खाईल," पुरसो आपसूक बोलून गेला, आणि मग आपण हो म्हटलं की काय या शंकेनं त्याचा चेहरा कसानुसा झाला. "पण गुरं... आणि ही बारकी पोरं..."

आतून सुमीची आई बोलली. तोवर ती बाहेर आली नव्हती आणि नंतरही आली नाही. "गुरां हांव पळयतां," गुरं मी बघते, एवढंच म्हणाली.

पुरसोनं काडी उचलली, पुन्हा ठेवली. "एक मागणं हाय."

"बोला."

"तुमी शब्द द्या, न्हाई म्हणत न्हाई. पण दिला न्हाई तरी बोलू द्या तिला."

बाई खिडकीबाहेर बघत तशा कुठंतरी लांब बघायला गेल्या, पण तिथं खिडकी नव्हती. त्यांना पुरसोकडेच बघावं लागलं. "हो," म्हणाल्या. "तेच शिकायला आलेय."

सुमीचं सामान म्हणजे एक पिशवी. निघताना तिच्या आईनं आतून कोंबडी पाठवली, पाय बांधलेली, तांबडी. बाईंच्यासाठी. बाईंनी आयुष्यात अंडंसुद्धा फोडलं नसेल. आबा पुढं होऊन घेणार होते, पण बाईंनी हात पुढं केला आणि ती दोन्ही हातांत घेतली, वर्गातली पट्टी धरावी तशी, अंगापासून लांब.

फाट्यावर बस आली. कंडक्टर नवा होता. त्यानं कोंबडीचंही अर्धं तिकीट फाडलं, आणि बाईंनी ते जपून आपल्या तिकिटाबरोबर ठेवलं. त्या सुमीशेजारी बसल्या, कोंबडी मांडीवर. मी आणि आबा मागच्या सीटवर. त्या जूनमध्ये मला बेळगावला मामाकडे शिकायला पाठवलं, त्यामुळे शाळेबाहेर बाईंना जवळून बघितलं ते तेवढंच शेवटचं.

बस सुरू झाली. मग कोंबडीनं पंख फडफडवले, बाई दचकल्या, आणि त्यांनी सुमीला विचारलं, "हिला काय लागतं गं?"

सुमीनं आमच्याकडे वळून बघितलं, मग बाईंकडे. आणि तिनं सुरुवात केली. हिला कणी आवडते पण ओली नको, ही कोपऱ्यात अंडं घालते, हिला निळं लुगडं नेसलेलं माणूस चालत नाही, हिची बहीण मुंगसानं नेली तेव्हा ही दोन दिवस ओरडली नव्हती, आणि रात्री हिला टोपलीखाली झाकताना आधी हिच्याशी बोलावं लागतं. अर्धं मराठीत, अर्धं कोकणीत, मध्येच एखादा कन्नड शब्द. रामनगर येईपर्यंत ती थांबली नाही. बाई उतरल्या तेव्हा कोंबडी त्यांनी छातीशी धरली होती आणि त्या मान वाकवून विचारत होत्या, "बोलायचं म्हणजे काय बोलायचं?"